तपासली, २२-८-९४

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी आधीच वैतागलेली होते. "स्मरणिकेसाठी कॉम्प्युटरचा इतिहास लिहून दे, आपल्या सगळ्यांना समजेल असा," असा आग्रह होता. मी म्हटलं, इतिहास राहू दे, माझ्या घरचा नवा कोरा कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चाललाय, आधी त्याचं बघते. ते बघायला बसले, आणि दोन रविवार गेल्यावर लक्षात आलं की चौकशी फिरून फिरून आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर रूमच्या दारात येऊन थांबते आहे. त्यामुळे इतिहास लिहिते, पण तो तिथूनच. आणि त्यात एक कबुलीजबाबही आहे. तीस वर्षं उशिराचा.

आधी घरचं सांगते. दिवाळीत पाडव्याला नवा डेस्कटॉप घेतला. आठ कोअरचा प्रोसेसर, बत्तीस जीबी रॅम, आणि अशी डिस्क की आपल्या वेळच्या दोन हजारांवर फ्लॉपींचा मजकूर एका सेकंदात वाचेल. दुकानदारानं अँटीव्हायरसही गळ्यात घातला, तीन वर्षांचा. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकाचाच आहे असं नाही. मी ऑफिसचं काम घरून करते. प्रोग्रॅम बांधायला, म्हणजे आम्ही ज्याला बिल्ड म्हणतो त्याला, जुन्या लॅपटॉपवर साधारण सहा मिनिटं लागायची. नव्यावर साडेनऊ लागायला लागली. नववीतली लेक म्हणाली, "आई, जुनाच बरा होता की."

गंमत म्हणजे टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर सगळे निवांत. प्रोसेसर दहा-बारा टक्के, डिस्क जवळजवळ रिकामी. म्हणजे कोणी जास्त काम करत नाहीये आणि तरी काम होत नाहीये. सरकारी कचेरीत असतं तसं. नेट काढून, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करून पुन्हा बिल्ड चालवला. साडेतीन मिनिटं.

मग हिशोब जुळला. माझ्या त्या एका बिल्डमध्ये साठ हजार वेळा कुठली ना कुठली लहानशी फाइल उघडली जाते. अँटीव्हायरस विंडोजच्या फाइल व्यवस्थेत मधल्या पायरीवर बसलेला असतो. कोणताही प्रोग्रॅम म्हणाला, "ही फाइल दे", की विनंती आधी त्याच्याकडे जाते. तो फाइल चाळतो, आणि "जाऊ द्या" म्हणेपर्यंत मागणारा ताटकळत उभा. एका फाइलला सहा मिलिसेकंद लागले तर आपल्याला कळणारही नाही. साठ हजार वेळा लागले की ३६० सेकंद, सहा मिनिटं. शिवाय झिपसारखी फाइल असेल तर आतली गाठोडी सोडून बघायची, ती पुन्हा उघडली की पुन्हा सोडायची. वेगवान मशीनचा उपयोग काय? दारात रांग आहे, आत हॉल कितीही मोठा असू दे.

दारातली रांग म्हटल्यावर तुम्हाला काही आठवलं का?

आपल्या बॅचला नववीत कॉम्प्युटरचा तास होता. रूममध्ये चार मशीन, त्यांतल्या एकालाच हार्ड डिस्क. चपला बाहेर काढायच्या, हात पुसायचे. दोघांत एक फ्लॉपी, सव्वापाच इंची, कागदी पाकिटातली. दाराजवळच्या टेबलावर सर बसायचे आणि आत जाणारी प्रत्येक फ्लॉपी पुण्याहून आणलेल्या स्कॅनरनं तपासायचे. ड्राइव्हचा तो करकर आवाज, आणि पडद्यावर एकामागून एक सरकणारी फाइलींची नावं. एका फ्लॉपीला मिनिटभर तरी. एका वेळी वीस जण, दहा फ्लॉपी. पस्तीस मिनिटांच्या तासातली पंधरा दारातच जायची. आपण कुरकुरायचो.

मग सरांनीच युक्ती काढली. एकदा तपासलेल्या फ्लॉपीच्या लेबलवर निळ्या शाईनं "तपासली" आणि तारीख लिहून सही करायची. सही असेल त्यानं थेट आत जायचं. रांग संपली. आपण सगळे खूश.

सर एवढी काळजी का करत होते, याला कारण होतं. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस "ब्रेन" १९८६ मध्ये आपल्या शेजारी, लाहोरला जन्मला. बासित आणि अमजद या अल्वी बंधूंनी तो लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही घालून ठेवला होता! असला सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. बूट सेक्टर म्हणजे फ्लॉपीवरचा अगदी पहिला तुकडा, फक्त ५१२ बाइट्सचा. मशीन सुरू होताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी असेल तर मशीन आधी तो तुकडा चालवतं. फ्लॉपी चुकून राहिली की "नॉन-सिस्टिम डिस्क" असा संदेश यायचा, आपण फ्लॉपी काढून पुन्हा सुरू करायचो आणि झालं असं समजायचो. पण तो संदेश दिसेपर्यंत त्या ५१२ बाइट्समध्ये जे काही असेल ते चालून गेलेलं असायचं.

१९९२ साली "मायकेलँजेलो"ची हवा झाली. ६ मार्चला, त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, मशीन सुरू केलं की डिस्कवरचा मजकूर पुसणारा व्हायरस. जगभरच्या वर्तमानपत्रांनी लाखो कॉम्प्युटर बसणार म्हणून बातम्या दिल्या, प्रत्यक्षात नुकसान त्या मानानं फार थोड्या मशीनचं झालं. पण भीती बसली, आणि अँटीव्हायरसचा धंदाही बसला. याच सुमाराला आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होते. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसनं आजारी. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्यावर औषध लिहायला घेतलं. त्यातून "क्विक हील" उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारातही आली. रहिमतपूर ते शेअर बाजार! आपण नववीत "बेसिक"मध्ये पाढे छापत होतो तेव्हा हे आपल्या इतक्या जवळ चाललं होतं.

स्कॅनर करतो काय? त्याच्याकडे ओळखीच्या व्हायरसांच्या खुणांची यादी असते, पोलीस चौकीतल्या फोटोंसारखी. फाइलमध्ये त्यातली एखादी खूण सापडते का ते बघायचं. यादी हजारांची झाली तरी प्रत्येक खुणेसाठी फाइल पुन्हा वाचावी लागत नाही. सगळ्या खुणा एकदम शोधायची रीत आहो आणि कोरासिक या दोघांनी १९७५ मध्येच, व्हायरस जन्मायच्या आधी, वेगळ्याच कामासाठी शोधून ठेवली होती. म्हणजे यादी वाढली म्हणून वेळ लागतो, हा आपला समज अर्धाच खरा. खरा वेळ जातो तो फाइल मागवण्यात, गाठोडी सोडण्यात, आणि संशयित प्रोग्रॅमला खोट्या कॉम्प्युटरमध्ये थोडा चालवून बघण्यात. हे शेवटचं करावं लागतं, कारण पुढचे व्हायरस दर वेळी रूप बदलायला लागले. आणि फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात दाखवून दिलं होतं की कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी बिनचूक सांगणारा तपासनीस बनवणं शक्यच नाही. तेव्हा संशय घेत बसणं आलंच.

आता कबुलीजबाब.

१९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेले होते. मामाच्या ऑफिसात कॉम्प्युटर होते. माझ्या फ्लॉपीवर "प्रिन्स ऑफ पर्शिया" हा गेम घेऊन आले. फ्लॉपीच्या लेबलवर सरांची सही होती, "तपासली, २२-८-९४". शाळा सुरू झाल्यावर त्या सहीच्या जोरावर थेट आत गेले. एकदा फ्लॉपी हार्ड डिस्कवाल्या मशीनमध्ये तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी "नॉन-सिस्टिम डिस्क" आलं, मी ती काढून घेतली. त्या वेळी त्यात काही आहे असं मनातही आलं नाही.

५ जानेवारी १९९५, गुरुवार. तुमच्यापैकी बहुतेकांना तो दिवस आठवत असेल. मशीन सुरू केलं आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, "हॅपी बर्थडे जोशी" टाइप करा. बाकी काही केल्या मशीन हलेना. सरांनी कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून पाहिलं, तरी तेच. आपण सगळे आधी हसलो. मग सगळ्यांनी वळून जोशीकडे पाहिलं.

आपल्या वर्गात तीन जोशी. त्यातला एकच गेम आणणारा, सरांना खोड्या करून दाखवणारा. पडद्यावर त्याचं आडनाव! सरांनी तरी घाई केली नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी त्याची फ्लॉपी मागितली, मशीन बटणावर बंद करून स्वच्छ फ्लॉपीनं सुरू केलं, स्कॅनर लावला. त्याच्या फ्लॉपीत व्हायरस निघाला. पुरावाच मिळाला. त्याच्या वडिलांना बोलावलं, आणि वर्ष संपेपर्यंत त्याला कॉम्प्युटर रूम बंद.

हा "जोशी" व्हायरस आपल्या कोणाचा नव्हता. तो १९९० मध्ये भारतात सापडला आणि जगभर पोचला. परदेशांतल्या व्हायरसांच्या याद्यांमध्ये हे मराठी आडनाव आजही दिसतं. दर ५ जानेवारीला तो शुभेच्छा मागायचा, दिल्या की मुकाट बाजूला व्हायचा. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबल्यावरही तो मेमरीत टिकून राहायचा. आणि लागण झालेल्या मशीनमध्ये जी फ्लॉपी जाईल तिला तो चिकटायचा. म्हणजे नोव्हेंबरपासून त्या मशीनमध्ये गेलेल्या कितीतरी फ्लॉपींत तो असणार. जोशीची फ्लॉपी पहिली तपासली, म्हणून त्याच्यात पहिला सापडला. मशीनकडून फ्लॉपीला आलं होतं, फ्लॉपीकडून मशीनला नव्हे.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या फ्लॉपी जमा करून घेतल्या. मी म्हटलं, माझी हरवली. तेव्हा फक्त गेमची भीती होती, गेम आणायला बंदी होती ना. संक्रांतीला मामा आला तेव्हा आईला हसत सांगत होता, "आमच्या ऑफिसात परवा पाच तारखेला सगळी मशीनं जोशीला शुभेच्छा द्या म्हणून अडून बसली." मी तिळगूळ हातात धरून उभी होते. त्या दिवसापासून मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

आणि सरांनी सहीची पद्धत बंद केली. प्रत्येक फ्लॉपी, प्रत्येक तासाला, पूर्ण. दहावीपर्यंत आपल्या तासाची जी पंधरा मिनिटं दारात गेली, ती माझ्यामुळे. कॉम्प्युटर तेच होते, तेवढेच वेगवान.

सरांची युक्ती चुकीची नव्हती, हे मला नोकरीत आल्यावर कळलं. एकदा तपासलेलं लक्षात ठेवायचं, पुन्हा तपासायचं नाही, हेच सगळे चांगले अँटीव्हायरस करतात. नाहीतर कॉम्प्युटर वापरताच येणार नाही. फरक एवढाच की फाइलमध्ये नंतर काही लिहिलं गेलं की त्यांच्या वहीतली "तपासली"ची नोंद आपोआप खोडली जाते. आपल्या फ्लॉपीला बाजूला एक चौकोनी खाच असायची, तिच्यावर पट्टी चिकटवली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नसे. सरांनी सही लेबलवर न करता त्या पट्टीवर, अर्धी पट्टीवर आणि अर्धी फ्लॉपीवर अशी केली असती, तर मी मामाकडे पट्टी काढल्याचं दारातच दिसलं असतं. अर्थात मग प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम कशावर साठवणार, हा प्रश्न होताच. दोन फ्लॉपी लागल्या असत्या, आणि एकीचीच किंमत तेव्हा घरी मागायला नको वाटायची.

पुढचा इतिहास भरभर सांगते. दारात तपासणीस बसवण्याऐवजी तो मशीनमध्येच कायम बसवायचा, ही कल्पनाही आपल्याच काळातली. १९९३ च्या डॉस ६ मध्ये "व्हीसेफ" नावाचा असा पहारेकरी आला होता. तो ६४० केबी मेमरीतला तुकडा बळकावून बसायचा, म्हणून लोक त्याला बंद करायचे. तेव्हापासून हे भांडण चालू आहे. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना, २६ एप्रिल १९९९ ला, तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेल्या "सीआयएच"नं हार्ड डिस्कच नाही, तर मदरबोर्डवरच्या बायॉसवरही घाव घातला. मशीन सुरूच होईना. पुढच्या वर्षी, २००० च्या मे महिन्यात, "आय लव्ह यू" नावाची ईमेल आली. आता धोका फ्लॉपीतून महिन्यानं नाही, तर नेटवरून तासाभरात यायला लागला. आठवड्यातून एकदा तपासून भागेना. फाइल उघडण्याच्या त्या क्षणीच तपासायची, ही रीत त्यामुळे पक्की झाली. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो. दुसरा विकत घेऊन टाकला की हा बाजूला सरकतो. दोन्ही एकदम पूर्ण जोरात चालवायचा प्रयत्न कोणी करू नये, एकाच दारात दोन पहारेकरी एकमेकांचेच खिसे तपासत बसतात.

इतका खोल बसलेला पहारेकरी स्वतःच आजारी पडला तर? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनं साधारण पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन बसली, विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. त्या दिवशी व्हायरस कुठेच नव्हता.

माझ्या घरच्या मशीनला काय केलं, ते विचारणार तुम्ही. फोन करून सगळे हेच विचारतात. सोपा उपाय असा की ज्या फोल्डरमध्ये काम चालतं तो तपासणीतून वगळायचा. अँटीव्हायरसमध्ये तशी सोय असते, नेटवर सगळे तेच सांगतात, आणि वेळ लगेच साडेतीन मिनिटांवर येतो. माझं बोट त्या बटणापर्यंत गेलं. पण वगळलेला फोल्डर म्हणजे सरांच्या सहीची फ्लॉपी, आणि हिच्यावर तर तारीखसुद्धा नाही. माझ्या बिल्डमध्ये परक्या लोकांनी लिहिलेले शेकडो तुकडे नेटवरून येतात, नेमके त्याच फोल्डरमध्ये.

मी विकतचा अँटीव्हायरस काढला आणि विंडोजचा ठेवला. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून "डेव्ह ड्राइव्ह" नावाची सोय आहे. त्या भागातली फाइल मागितली की लगेच मिळते आणि तपासणी मागोमाग होते. आत घ्या, पण नाव लिहून घ्या, मागून बघतो, असं. बिल्ड आता सव्वाचार मिनिटांत होतो. वरची पाऊण मिनिट मी आनंदानं देते. मेलमधून आलेल्या आणि डाउनलोड केलेल्या फाइलींसाठी मात्र दारातली रांग तशीच ठेवली आहे. तुमच्या घरी एवढा खटाटोप नको. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, पूर्ण तपासणीची वेळ रात्रीची ठेवा, आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी टाका. बहुतेकांची तक्रार तेवढ्यावर मिटते.

हे लिहून झाल्यावर जोशीला फोन केला. त्याच्या परवानगीशिवाय छापायचं नव्हतं. सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल, नाहीतर दोन शब्द सुनावेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, मला आजपर्यंत वाटत होतं की ते माझ्याच फ्लॉपीतून आलं. सरांनी माझ्यासमोर तपासली होती ना." त्याच्याकडे तेव्हा ज्या फ्लॉपी होत्या त्या सगळ्या त्यानं घरी बंबात घातल्या होत्या. दहावीनंतर त्याला कॉम्प्युटरकडे जायचं होतं, वडील म्हणाले, नको तो नाद. तो कॉमर्सला गेला. छान चाललंय त्याचं, तसं तो दोनदा म्हणाला. आणि त्याचा वाढदिवस श्रावणात असतो, हे कोणी विचारलंच नव्हतं.

सरांना मी पत्र लिहिलं आहे, ते इथे छापत नाही.

ती फ्लॉपी हरवलेली नव्हती. माहेरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, दहावीच्या वह्यांच्या खाली, पाकिटासकट आहे. शाई फिकी झाली आहे, पण सही आणि तारीख वाचता येते. स्नेहसंमेलनाला घेऊन येणार आहे. कोणाच्या माळ्यावर सव्वापाच इंची ड्राइव्ह असलेलं जुनं मशीन असेल तर आणा. आत अजून काही वाचता येतं का ते बघू. जोशीची अट आहे की दारात तपासायला तो बसणार.